पुढे सॉलिड अ‍ॅक्सल टाकायचा तर आधी स्टेअरिंगचा विचार करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. १९९१ ची टोयोटाची छोटी फोर-बाय-फोर पिकअप आहे, पुढे आयएफएस, म्हणजे दोन्ही चाकांचं स्वतंत्र सस्पेन्शन. टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी पिळाची सळई) आवळून गाडी पुढून चांगली उचललीय, टायर ३३ इंची आहेत, आणि वर्षभरात तिसऱ्यांदा सीव्ही जॉइंटचं, म्हणजे चाक फिरवणाऱ्या सांध्याचं, रबरी बूट फाटलंय. १९८४ च्या पिकअपचा पुढचा अख्खा सॉलिड अ‍ॅक्सल मिळतोय. तो पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसवावा की लिंक, म्हणजे धरून ठेवणारे दांडे, आणि कॉइल स्प्रिंग करावं, आणि दोन शनिवार-रविवारांत काम उरकेल का.

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही उरकणार. दोन शनिवार-रविवार जुनं सस्पेन्शन कापून चासी घासून साफ करण्यातच जातात. तयार ब्रॅकेटांचं किट, हाताशी एक माणूस आणि वेल्डिंगचा बसलेला हात असेल तर पाच-सहा आठवडे धरा, आणि त्या काळात गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उभी राहणार हे गृहीत धरा. माझ्या पहिल्या गाडीला चार महिने लागले. त्यातले दोन महिने माझीच चूक निस्तरण्यात गेले, तिच्याकडे येतो.

आता मूळ दुखणं बघू. तुम्ही पाटे की कॉइल असं विचारताय, पण तुम्हाला हवंय ते न फाटणारं बूट. टॉर्शन बार आवळून गाडी उचलली की खालचा आर्म कायमचा खाली लटकतो. सीव्ही जॉइंट गाडी सरळ चालतानाही तिरका फिरत राहतो, बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात आणि फाटतात. यात आयएफएसची चूक नाही, त्याच्याकडून आपण भलतं काम करून घेतोय. टॉर्शन बार सैल करून गाडी दीड-दोन इंच खाली घ्या, टायर ३१ इंची करा, स्टेअरिंगच्या दांड्यांना आधार देणारा आयडलर आर्म तपासा, कारण या गाड्यांत तो लवकर ढिला होतो. मला विचारायला आलेल्या निम्म्याअधिक लोकांचं समाधान एवढ्यावर झालंय. तुमची गाडी बहुतेक वेळ डांबरी रस्त्यावर वेगात पळत असेल तर माझा सल्ला इथेच संपतो. आयएफएसमध्ये डावं चाक खड्ड्यात गेलं तर उजव्याला पत्ता लागत नाही. सॉलिड अ‍ॅक्सलमध्ये दोन्ही चाकं एकाच नळीच्या दोन टोकांना असतात. एक वर गेलं की दुसरं कलतं, आणि ती सगळी जड नळी डिफरन्शियलसकट (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या संचासकट) चाकांबरोबर वर-खाली नाचते.

दगडधोंड्यांतून, ओढ्याच्या पात्रातून, सावकाश चालवण्यासाठी मात्र सॉलिड अ‍ॅक्सलला तोड नाही. एक चाक दगडावर चढलं की तीच नळी तरफेसारखी दुसऱ्या चाकाला खाली दाबते, त्यामुळे पकड टिकते. आयएफएसमध्ये डिफरन्शियल चासीला टांगलेलं असतं, सस्पेन्शन दबलं की तेही जमिनीकडे येतं. सॉलिड अ‍ॅक्सलचा गोळा, म्हणजे डिफरन्शियलचं घर, जमिनीपासून किती वर राहणार हे टायर ठरवतो, गाडी दबो वा उठो. आणि गाडी कितीही उचला, नळीतला शाफ्ट सरळच राहतो. उंचीची किंमत प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद नळीपर्यंत आणणारा दांडा) मोजतो, चाकाचा जॉइंट नाही. टोयोटाच्या या पिकअपला १९८५ पर्यंत पुढे पाट्यांवरचा सॉलिड अ‍ॅक्सलच होता, १९८६ पासून आयएफएस आलं. म्हणून तुम्हाला मिळालेला १९८४ चा अ‍ॅक्सल हा या गाडीचा चुलतभाऊच आहे, परका नाही.

चुलतभाऊ असला तरी तो जरा अरुंद आहे. आयएफएसच्या गाडीची रुंदी जुन्या गाडीपेक्षा साधारण ३ इंचांनी जास्त, म्हणजे पुढची चाकं मागच्यांपेक्षा प्रत्येक बाजूला दीड इंच आत येतील. दीड इंचाचे चांगल्या दर्जाचे स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या जाड चकत्या) लावून बहुतेक लोक हे जुळवतात. मीही लावतो, पण त्यांचे नट दर सर्व्हिसिंगला टॉर्क रेंचने तपासतो. चाकाच्या बोल्टांची आखणी दोन्हीकडे सहा बोल्ट, १३९.७ मिमी अशीच, तिथे काही करावं लागत नाही. दुसऱ्या कुठल्या गाडीचा अ‍ॅक्सल आणला असता, समजा डाना ४४, तर आधी हे बघावं लागलं असतं की गोळा ट्रान्सफर केसच्या (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीच्या) पुढच्या तोंडाच्याच बाजूला आहे ना. ते जुळत नसेल तर तो अ‍ॅक्सल फुकट मिळाला तरी घेऊ नका.

गिअर रेशो मात्र स्वतः मोजा. अ‍ॅक्सलवरच्या पट्टीवर किंवा विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, चाळीस वर्षांत त्याच्या आत कोणी काय बदललंय कोणास ठाऊक. डिफरन्शियलमधल्या मोठ्या रिंगचे दात भागिले तिला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनचे दात. ४१ ला १० म्हणजे ४.१०, ३९ ला ८ म्हणजे ४.८८. पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा, नाहीतर फोर-व्हीलमध्ये दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतील आणि त्यात ट्रान्सफर केस मरेल. ३३ इंची टायरवर ४.८८ छान चालतो, पण मग मागेही तोच टाकावा लागेल. तो खर्च आत्ताच हिशोबात धरा.

अ‍ॅक्सल गाडीखाली जाण्याआधी टेबलावर पूर्ण खोला. नळीच्या टोकाची आतली ऑइल सील गेली असेल तर गिअर ऑइल नकलच्या, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या टोकाच्या भागाच्या, ग्रीसमध्ये मिसळून काळपट कढी झालेली दिसेल. जुन्या अ‍ॅक्सलमध्ये ती जवळजवळ नेहमीच दिसते. बर्फील्ड जॉइंट (नळीच्या टोकाचा, चाक वळू देणारा सांधा) धुऊन हातात घ्या, पूर्ण वाकवून फिरवा. कटकट लागली किंवा आतल्या पिंजऱ्याला चीर दिसली तर बदला. नकलची बेअरिंगं नवी टाकाच. त्यांचा ताण मोजायला स्प्रिंगचा काटा पुरतो, मासे तोलतात तसला. दोन्ही नकल जोडणाऱ्या टाय रॉडच्या भोकात त्याचा आकडा अडकवून नकल ओढायचा आणि तो हलू लागतो तेव्हा काटा काय दाखवतो ते बघायचं. तीन ते सहा किलोच्या मध्ये हवं. दीड किलोवरच हलला तर शिम (पातळ चकत्या) काढा. लोक हे टाळतात आणि मग ताशी साठला स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं की चाकांचं बॅलन्सिंग करत बसतात.

पाटे की कॉइल? पहिलीच गाडी असेल तर पाटे. पाटा गाडीचं वजन तोलतो आणि अ‍ॅक्सल जागेवरही धरतो. दोन कामं एकाच वस्तूत झाल्यामुळे चुकायला जागा कमी. कॉइलमध्ये स्प्रिंग फक्त वजन घेते. अ‍ॅक्सल धरायला तीन किंवा चार लिंक, आणि आडवं सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड लागतो. तो ड्रॅग लिंकला (स्टेअरिंग बॉक्सपासून नकलपर्यंतच्या दांड्याला) समांतर आणि जवळपास तेवढ्याच लांबीचा हवा, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात स्टेअरिंग आपोआप वळतं. चांगली केलेली थ्री-लिंक गाडी पाट्यांपेक्षा सरस चालते, यात वाद नाही. पण वाईट केलेली थ्री-लिंक मी चालवलीय, आणि वाईट केलेल्या पाट्यांची गाडीही. दुसरी मला घरी घेऊन आली.

पाट्याची शॅकल, म्हणजे झुलती कडी, मागच्या टोकाला ठेवा, पुढचं टोक पक्कं. मग दगड लागला की अ‍ॅक्सल वर जाताना किंचित मागे सरकतो आणि धक्का मऊ पडतो. त्याची एक किंमत आहे. मागे सरकणारा अ‍ॅक्सल प्रोपेलर शाफ्टला दाबतो, म्हणून शाफ्टच्या स्प्लाइनला (खाचांच्या सरकत्या जोडाला) सरकायला जास्त जागा ठेवावी लागते. गाडी उभी असताना शॅकलचं खालचं टोक किंचित मागे कललेलं असू द्या. पुढे कललेली शॅकल कधीतरी उलटी अडकते.

आता स्टेअरिंग. अ‍ॅक्सल बसवायला प्रत्येक बाजूला दोन यू-बोल्ट आणि एक प्लेट लागते, ते कोणीही करेल. गाडी चालवण्यालायक होते की नाही हे स्टेअरिंग ठरवतं, आणि बहुतेक जण ते सगळ्यात शेवटी, अ‍ॅक्सल वेल्ड झाल्यावर, उरलेल्या जागेत कोंबतात. मीही तसंच केलं होतं.

तुमच्या गाडीतला स्टेअरिंग बॉक्स फेकू नका. जुन्या सॉलिड अ‍ॅक्सलच्या गाडीतला बॉक्स आर्म पुढे-मागे हलवायचा. तुमचा आयएफएसचा बॉक्स आर्म आडवा हलवतो, आणि क्रॉसओव्हर स्टेअरिंगला नेमका हाच लागतो. त्याच्या आर्मपासून एक लांब ड्रॅग लिंक गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या नकलपर्यंत जाते. ती जोडायला नकलच्या माथ्यावर बसणारे उंच आर्म मिळतात, म्हणजे लिंक पाट्यांच्या वरून जाते. ही उंची हौसेसाठी नाही, ड्रॅग लिंक जमिनीला जास्तीत जास्त समांतर राहावी म्हणून आहे.

का, ते आकड्यात सांगतो. समजा ड्रॅग लिंक ९०० मिमी लांब आहे आणि गाडी उभी असताना १५ अंश उतरती आहे. चाकं ७५ मिमी वर गेली की लिंकचा उतार कमी होतो आणि तिचं आडवं अंतर सुमारे १७ मिमीने वाढतं. तेवढा धक्का नकलला बसतो. नकलचा आर्म दीडशे मिमी असेल तर चाक सहा अंशांहून जास्त वळतं, तुम्ही स्टेअरिंग सरळ धरलेलं असताना. तीच लिंक सुरुवातीला आडवी असती तर फरक फक्त ३ मिमी. शाळेतला पायथागोरस आहे, कागदावर करून बघा. मग अ‍ॅक्सल किती पुढे घ्यायचा, बॉक्स कुठे बसवायचा, पाटा किती उंच हवा हे सगळं एकाच आडव्या रेषेपासून मागे मागे ठरवत जा. मी आता काम सुरू करताना चासीवर पहिली खूण ड्रॅग लिंकची करतो, अ‍ॅक्सलची नंतर.

बॉक्स पुढे सरकवावा लागतोच. त्याबरोबर स्टेअरिंगचा मधला शाफ्ट लांबवावा लागतो आणि पॉवर स्टेअरिंगचे पाइपही. बॉक्स चासीला धरणारे बोल्ट हा या कामातला सगळ्यात धोक्याचा भाग. माझ्या दुसऱ्या गाडीत आठेक महिन्यांनी जागच्या जागी स्टेअरिंग वळवलं की चुर्र असा बारीक आवाज यायचा. चिखल धुऊन विजेरी धरली तर बोल्टच्या भोकापासून खाली गेलेली केसाएवढी रेघ दिसली, तांबूस, आतून गंज बाहेर आलेला. चासी ही पोकळ पेटी आहे, तिचा पत्रा तसा पातळ. नुसतं भोक पाडून बोल्ट आवळला की पेटी दबते, बोल्टचा ताण उतरतो, बॉक्स हलतो आणि पत्रा फाटतो. उपाय असा की चासीत आरपार जाड नळीचे तुकडे घालून दोन्हीकडून वेल्ड करायचे, बोल्ट त्या नळ्यांतून न्यायचे, आणि आत-बाहेर ५ मिमीची प्लेट लावायची. प्लेटची कड उभी सरळ कापू नका, माशाच्या तोंडासारखी खाच द्या. उभ्या वेल्डच्या रेषेवर चासी वाकते आणि तिथेच तुटते.

आता कॅस्टर, आणि माझी चार महिन्यांची कथा. नकलचा अक्ष वरून मागे कललेला असतो, तो कोन म्हणजे कॅस्टर. अशा गाडीला चार ते सहा अंश असला की स्टेअरिंग सोडल्यावर आपोआप सरळ येतं. पण अ‍ॅक्सल फिरवून कॅस्टर वाढवला की पिनियनचं नाक तेवढंच खाली जातं आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. एकाचं भलं केलं की दुसऱ्याचं वाईट. पहिल्या गाडीत मी क्लचसाठी इंजिन उतरवलेलं असतानाच अ‍ॅक्सल जागेवर ठेवला, कोनमापकावर पाच अंश बघितले आणि खूश होऊन पाट्यांच्या बैठका पूर्ण वेल्ड केल्या. मग इंजिन बसलं, बॅटरी बसली, बंपर बसला. पाटे सपाट झाले, शॅकल मागे गेली, अ‍ॅक्सल फिरला. कॅस्टर उरला दोन अंशांहून कमी. गाडी रस्त्यावर बैलगाडीसारखी डावी-उजवी हिंडायची. बैठका ग्राइंडरने कापून काढल्या, नळी घासली, पुन्हा सुरुवात.

म्हणून क्रम असा ठेवा. इंजिन, रेडिएटर, बॅटरी, बंपर, विंच लावायचा असेल तर तोही, टाकीत निम्मं इंधन, हे सगळं गाडीत असताना, गाडी सपाट जमिनीवर स्वतःच्या चाकांवर उभी करून कोन मोजा. बैठकांना फक्त टाके मारा. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये नवे पाटे बसतात, तेव्हा पुन्हा मोजा. एक-दोन अंश कमी-जास्त निघाले तर पाटा आणि बैठकीच्या मध्ये लोखंडी पाचर घालून सुधारता येतात. अ‍ॅल्युमिनियमची पाचर नको, ती चिरडते. त्याहून मोठा फरक असेल आणि पिनियन खाली न्यायचा नसेल, तर नळीच्या टोकाचे, नकल ज्यांवर फिरतो ते गोळे कापून फिरवून पुन्हा वेल्ड करावे लागतात. ते काम मी स्वतः करतो, पण पहिल्या गाडीत करू नका. ज्याच्याकडे त्याचं जिग आहे त्याला द्या.

टाके मारून झाले की पाट्यांचे मधले पत्रे काढून फक्त मुख्य पत्रा ठेवा आणि खाली जॅक लावून अ‍ॅक्सल पूर्ण वर न्या. आधी दोन्ही बाजू, मग एकच डावी, एकच उजवी, आणि प्रत्येक वेळी स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. इंजिनच्या चेंबरला (तळाच्या ऑइलच्या भांड्याला) खालून मऊ मातीचे गोळे चिकटवा, एक्झॉस्टलाही. खाली आणल्यावर त्यांवर उठलेले ठसे बघा. एकदा मला वाटलं होतं की ड्रॅग लिंक चेंबरपासून बोटभर दूर आहे. मातीवर लिंकची अख्खी खोबण उमटली होती, आणि तळाला उरलेली माती कागदाएवढी. बंप स्टॉप (सस्पेन्शनला वर अडवणारा रबरी ठोकळा) किती लांब हवा हे त्या मातीने ठरवलं. शॉकअप बंप स्टॉपच्या आधी तळाला लागता कामा नये, हेही याच वेळी दिसतं. मग अ‍ॅक्सल पूर्ण खाली लटकू द्या. ब्रेकची नळी स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावरही ताणली जाऊ नये, आणि प्रोपेलर शाफ्टची स्प्लाइन अर्ध्याहून जास्त बाहेर येऊ नये.

कापाकापीबद्दल फार लिहीत नाही. बॅटरीच्या तारा सोडा, इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या आधी बाजूला घ्या. ब्रॅकेट कापताना चासीपासून तीनेक मिमी सोडून कापा आणि उरलेलं घासा. चासीत शिरलेली एक खाच पुढे फार छळते. ब्रेकमध्ये एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मागच्या अ‍ॅक्सलवर वजनानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह आहे. गाडी मागून उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचे ब्रेक कमी करतो. त्याच्या दांड्याचं ब्रॅकेट तेवढंच उंच करा. तुमच्या गाडीला एबीएस असेल तर जुन्या हबवर त्याच्या सेन्सरची जागाच नाही, त्याचा विचार आधी करा. आणि असा बदल नोंदणीत दाखवावा लागतो का, विमा चालू राहतो का, हे तुमच्याकडच्या नियमांवर अवलंबून आहे. काम सुरू करण्याआधी विचारा, गाडी कापल्यावर नाही.

थोडक्यात तुमच्यासाठी: आधी टॉर्शन बार खाली घेऊन महिनाभर चालवा. तरीही करायचंच असेल तर पाटे, शॅकल मागे, तुमचाच स्टेअरिंग बॉक्स, ड्रॅग लिंक आडवी, आणि पूर्ण वजनावर कोन मोजल्याशिवाय एकही पक्का वेल्ड नाही.

पहिली फेरी घराभोवतीच, ताशी तीसच्या आत. परत आल्यावर आणि पुन्हा शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट, स्पेसरचे नट, बॉक्सचे बोल्ट आणि नकलच्या माथ्यावरचे चार-चार स्टड टॉर्क रेंचने आवळा. त्या स्टडखाली शंकूच्या आकाराचे वॉशर असतात, ते चालवल्यावर आणखी आत बसतात आणि नट ढिले पडतात. ढिल्या नटावर चालवलं की स्टड तुटतो, आणि त्याच्यावर तुमचं सगळं स्टेअरिंग टांगलेलं असतं. अ‍ॅक्सल घेण्याआधी रिंग आणि पिनियनचे दात मोजून कळवा, मागचा रेशो बदलायचा की पुढचा ते मग बघू.